चार जीबीचा दिवस

सकाळी ८.४०. शटर अर्ध्यावर अडकतं. खालून पायाचा एक धक्का, वरून हाताचा एक, मग वर जातं. परभणीत वसमत रोडला, एका गल्लीच्या तोंडाशी हे संगणक दुरुस्तीचं दुकान. दहा बाय बाराची जागा. भाडं महिना सहा हजार, लाइटबिल वेगळं. टेबलावर रबरी मॅट, तिच्यावर स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, चिमटा, रंगाचा ब्रश आणि शाळेतलं खोडरबर. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात त्या रबराने घासले की मेलेलं यंत्र पुष्कळदा उठून बसतं. रबर पाच रुपयांचं. घासायचे शंभर.

पहिलं काम ब्लोअरचं. एका जिनिंगच्या ऑफिसातला सीपीयू रात्रीच येऊन पडलाय. डिसेंबर आहे, कापसाचा हंगाम आहे. दुकानदार डबा उचलून बाहेर रस्त्याच्या कडेला नेतो, तोंडाला रुमाल बांधतो, झाकण काढतो. पंख्याला कापसाचे तंतू गच्च गुंडाळलेत. ते चिमट्याने ओढून काढावे लागतात, नुसत्या हवेने जात नाहीत. मग ब्लोअर. शेजारचा चहावाला शिव्या घालत भांड्यांवर फडकं टाकतो. रोजचंच आहे.

९.२०. हाताखालचा पोरगा पूर्णेहून रेल्वेने येतो. पगार आठ हजार. गाडी वेळेवर असली तर तोही वेळेवर. आल्या आल्या तो गल्ल्यातून दोन पेनड्राइव्ह काढतो, दोन्हींना निळी चिकटपट्टी. या दुकानाचं खरं अवजार हेच. ६४ जीबीचे आहेत, घेतले तेव्हा साडेचारशेला एक. त्यांत व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम भरलाय. त्यामुळे एकाच पेनड्राइव्हमध्ये पाच-सहा ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली नुसत्या ठेवायच्या आणि यंत्र सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. उबंटूची फाइल जवळजवळ सहा जीबी, मिंट एक्सएफसीई तीनच्या आत. शिवाय लुबंटू, डेबियन, अँटिएक्स, आणि सी-डॅकचं बॉस. सगळी लिनक्सची, सगळी मोफत. रात्री दुकान बंद करताना डाउनलोड लावून ठेवायचं, सकाळी भरून घ्यायचं.

२०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेपासून या पेनड्राइव्हना जास्त काम आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही चिप लागते. या टेबलावर येणारी यंत्रं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीची. चालतात छान, फक्त पुढे नेता येत नाहीत.

९.४५. पहिलं गिऱ्हाईक इंजिनिअरिंगचा मुलगा. पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप निघतो. २०१६ च्या आसपासचा. रॅम ४ जीबी, फिरती हार्डडिस्क ५०० जीबी.

"दादा, फॉरमॅट मारू नका. विंडोज राहू द्या. बाजूला उबंटू पाहिजे. सरांनी उबंटूच टाका म्हणलंय."

"बजेट किती?"

"पाचशे."

दुकानदार पेनड्राइव्ह खोचतो. एफ-१२ दाबतो, काही होत नाही. एस्केप दाबतो, यादी येते. कुठल्या कंपनीला कुठलं बटण, हे त्याच्या बोटांना पाठ आहे. आधी उबंटू, काहीही न टाकता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून. पडदा येतो, डावीकडे चिन्हांची पट्टी. मेमरी बघायची खिडकी उघडली तर काही न करताच एक जीबीच्या वर गेलेली. ब्राउझर उघडून दोन टॅब लावले, पंखा ओरडायला लागला. मग बंद करून तेच लुबंटूवर. रिकामं असताना खर्च साधारण निम्मा.

"नाव उबंटूच लागतं ना? मग हे घे. लुबंटू. आतून उबंटूच आहे. तेच भांडार, त्याच आज्ञा. तुझा पायथन, जीसीसी सगळं ॲप्ट याच आज्ञेने उतरणार. फक्त वरचा साज हलका. उबंटूला ग्नोम आहे, याला एलएक्सक्यूटी."

मुलगा पडद्याकडे बघत राहतो. दिसायला जुनं वाटतंय त्याला. "सर ओळखतील का?"

"सर काळी खिडकी उघडून बघतील. ती सारखीच आहे."

एक फरक मात्र तो आपणहून सांगतो. उबंटू २४.०४ ला पाच वर्षं आधार आहे, २०२९ पर्यंत. लुबंटूच्या त्याच आवृत्तीला तीनच वर्षं, म्हणजे २०२७ चा एप्रिल. "तुझं कॉलेज कधी संपतंय?" "सत्तावीसलाच." "मग झालं."

हे सगळं बघायला समोर बसलेल्या माझ्या मनात आलं, चार जीबीची जुनी रॅम विकली असती तर दीडशे सुटले असते. त्याने विकली नाही. पाचशेत रॅम आणि मजुरी दोन्ही बसत नव्हतं, एवढंच असेल. मी विचारलं नाही.

विंडोजचा हिस्सा आखडून शेजारी ६० जीबी मोकळे करायचे, त्यात लुबंटू. इथे हात सावकाश चालतात. "अख्खी डिस्क पुसा" हा पर्याय पडद्यावर अगदी बोटाशी असतो. वहीत आधीच लिहून घेतलंय: "डेटा स्वतः कॉपी केला आहे", खाली मुलाची सही. पाऊण तास जातो. शेवटी आणखी एक बारीक काम. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज भारतातली. दोन्ही एकाच लॅपटॉपवर असली की आलटून पालटून वेळ साडेपाच तासांनी चुकते. एक आज्ञा देऊन लुबंटूला विंडोजची सवय लावतात. हे केलं नाही तर पोरगं दोन दिवसांनी परत येतं आणि फुकटात बसतं. मजुरी ४००.

११.१५. कोर्टातले एक कारकून. वयाने मोठे, म्हणून "साहेब". घरचा सीपीयू रिक्षात घालून आणलाय, रिक्षाचे साठ गेले. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. एसएसडी गेल्या वर्षी इथेच बसवलेली. मुलगी दहावीला आहे, तिच्यासाठी पाहिजे.

"ऑफिसात आहे तसंच करा. उबंटू. मला दुसरं जमत नाही."

हे वाक्य परभणीत ऐकून बाहेरच्याला नवल वाटेल. पण देशभरच्या जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाने उबंटूच पोचवलं. खटल्यांच्या तारखा, नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुण्यातल्या लोकांनी मुक्त सॉफ्टवेअरवरच बांधली. त्यामुळे ज्या माणसाने घरी विंडोजसुद्धा नीट हाताळलं नाही, तो ऑफिसात रोज लिनक्सवर बसतो. त्याला लिनक्स हा शब्द ठाऊक नसतो. डावीकडची पट्टी ठाऊक असते.

दुकानदार त्यांना मिंट देतो. चार जीबीत ते सुटसुटीत चालतं, मुलीचे व्हिडिओ अडखळत नाहीत. शिवाय मिंटमध्ये फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतं. उबंटूने ते २०२२ पासून स्नॅप नावाच्या बंद डब्यात घातलं. डबा सुरक्षित, पण जुन्या यंत्रावर पहिल्यांदा उघडताना वेळ खातो. मिंटवाल्यांनी २०२० मध्येच स्नॅपला दार लावलं. वाद मोठा आहे, दोन्हीकडची माणसं हिरिरीने भांडतात. या टेबलावर त्याचा अर्थ एवढाच की पाण्याची बाटली उघडून एक घोट घेईपर्यंत एकाचा ब्राउझर उघडलेला असतो, दुसऱ्याचा उघडायचा असतो.

"पट्टी कुठंय?" साहेब लगेच विचारतात. मिंटची पट्टी खाली असते, विंडोजसारखी.

दुकानदार पट्टीवर उजवं बटण दाबतो, आडवीची उभी करतो, डावीकडे नेऊन चिकटवतो. चिन्हं मोठी करतो. साहेब खुर्ची पुढे ओढतात, माउस स्वतः घेतात. "हं. आता बराबर."

जुन्या डिस्कवरचे फोटो एसएसडीवर घ्यायला मात्र वेळ. डिस्क थकलेली, सेकंदाला वीस एमबीच्या वर जाईना गेली. साठ जीबीला पाऊण तासाच्या वरच. साहेब तोवर जेवून येतो म्हणून निघतात. ५०० रुपये, कॉपी धरून. "मोफतचं आहे म्हणता, मग पाचशे कशाचे?" असं जाता जाता विचारतात. दुकानदार हसतो. हा प्रश्न त्याला नवा नाही. उत्तर तो देत नाही, पोरगाच देतो: "काका, बसायचे."

१२.२०. सेवा केंद्रवाला धापा टाकत येतो. मोटारसायकल चालूच ठेवलीये. "भाऊ, लवकर बघा. साईट उघडंना गेलीय. बाहेर बाया बसल्यात, लाडकी बहीणची केवायसी आहे. व्हायरस आलाय."

यंत्र चौथ्या पिढीचं, विंडोज १० मूळ परवान्याचं. दुकानदार व्हायरस बघतच नाही. खाली कोपऱ्यात बोट ठेवतो. तारीख २०१३ ची दाखवतेय. मदरबोर्डावरचा बिल्ल्याएवढा सेल संपलाय. लाइट गेली की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की ब्राउझर कुठल्याच सुरक्षित साईटवर भरवसा ठेवत नाही. सेल पंधराला पडतो, चाळीसला विकतो.

मी विचारलं, याला लिनक्स का नाही? तो केंद्रवाल्याच्या पिशवीतून अंगठ्याचं यंत्र काढून टेबलावर ठेवतो. "याचा प्रोग्राम कंपनी विंडोजचा देती, अँड्रॉइडचा देती. याचं पोट या अंगठ्यावर आहे. इथं मी मिंट टाकलं तर उद्या हा माझ्या दारात बसल."

त्याऐवजी तो विंडोज १० ची मुदतवाढ नोंदवून देतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्याचे दोनशे, सेलचे चाळीस. केंद्रवाला फोनवरून पैसे पाठवतो. दुकानातला डबा "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले" म्हणेपर्यंत तो गल्लीच्या बाहेर.

१.०५. लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त डेटा कॉपी चालू ठेवतात, पंखे बंद. डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. पोरग्याच्या डब्यात मेथी.

पोरगा विचारतो, एवढी सगळी वेगवेगळी काढलीच कशाला? एकच चांगली काढायची.

"भावकी आहे रे ती," दुकानदार म्हणतो. "मूळ वाडा डेबियनचा. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, विहीर अजून एकच."

मग तो भाकरी मोडत मोडत सांगतो. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केलं. तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, आपलं इयन, जोडून नाव. त्याला मालक नाही, जगभरचे स्वयंसेवक चालवतात. आवृत्ती तयार झाली की येणार, घाई नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने त्यावरून उबंटू काढलं. मागे कॅनॉनिकल ही कंपनी. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबर, नवी आवृत्ती, तारीख सहसा चुकवत नाहीत. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी उबंटूवरून मिंट काढलं. ते देणग्यांवर चालतं. तिघांचंही पॅकेज डेब, तिघांचीही आज्ञा ॲप्ट. रेड हॅट आणि फेडोरा हे वेगळं गाव, तिथे आरपीएम.

फळीवर, अँटिव्हायरसच्या जुन्या खोक्यांमागे, एक सीडी आहे. कागदी पाकीट, उबंटूची खूण. कॅनॉनिकल तेव्हा मागेल त्याला घरपोच सीडी पाठवायची, टपालखर्चसुद्धा घ्यायची नाही. २०११ मध्ये ते बंद केलं. ही २००८ ची. तेव्हा तो स्वतः कोणाच्या तरी दुकानात आठशेवर काम करत होता आणि परदेशातून आपल्या नावाने काही येतं, याचंच त्याला अप्रूप. सीडी चालत नाही आता, ओरखडे पडलेत. डेटा कॉपी ७१ टक्के.

२.१५. मोटारसायकल निघते. जिंतूर रस्त्याने, झरीच्या अलीकडचं एक गाव. पेट्रोल एकशे दहाचं टाकलं. पोरगा दुकानावर. मागे मी, माझ्या मांडीवर पिशवी: पेनड्राइव्ह, एक जादा कीबोर्ड, थर्मल पेस्ट, सुटे स्क्रू डबीत. दोन्ही बाजूंना तूर. वेचणीला आलेला कापूस अजून उभा. कुणीतरी भेट दिलेले सहा संगणक तिथल्या शाळेत दोन वर्षं झाकून ठेवलेत.

३.००. झाकण काढल्यावर कळतं, सहाही सारखे नाहीत. चार जरा बरे, २ जीबी रॅम, ६४ बिट. दोन फार जुने, १ जीबी, ३२ बिट. इथे भावकीतला फरक एकदम अंगावर येतो. उबंटूने ३२ बिटची नवी फाइल देणं केव्हाच थांबवलं. लुबंटूची शेवटची १८.१० ची. डेबियन टिकून होतं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनेही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ३२ बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती काढणं सोडलं.

"म्हणजे भंगार?" गुरुजी विचारतात.

"नाही सर. मागची लावू. डेबियन १२. त्याला २०२८ च्या जूनपर्यंत दुरुस्त्या मिळायच्यात. इंटरनेट या दोघांवर नको, चित्रं काढायला आणि टायपिंगला ठेवा."

गुरुजींनी कुठेतरी ऐकलंय. "आपल्या सरकारचं एक आहे म्हणे?"

"बॉस. आहे की, याच्यातच आहे. सी-डॅकने २००७ मध्ये आणलं. तेही डेबियनवरच बांधलेलं. पण मी रात्री कुठं अडलो तर उबंटू-मिंटवाल्यांची उत्तरं मला लवकर सापडतात, म्हणून हात तिकडं जातो."

आधी जुनी दोन लावायची, कारण ती सावकाश. शाळेत नेट नाही, म्हणून डेबियनची पूर्ण डीव्हीडीची फाइल आणलीये. छोटी फाइल आणली असती तर निम्म्यातच "नेटवर्क जोडा" म्हणून अडून बसली असती. बाकी चारांवर मिंट. लिबरऑफिस त्यात आधीच भरलेलं असतं. पट्टी खाली, बटण डाव्या कोपऱ्यात. शिक्षक विंडोजवर शिकलेले, त्यांना चाचपडावं लागत नाही. हा निकष कुठल्या तांत्रिक तक्त्यात नसतो. इथे पहिला हाच.

एका यंत्राचा पंखा फिरत नाही. शिलाई मशीनचं तेल गावातून मागवतात, थेंब टाकल्यावर फिरतो. एकाची रॅम घासावी लागते. खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळलेली. "ओ काका, गेम हाय का?"

४.१०. पहिलं मिंट उठतं. भाषा मराठी निवडलीये. यादी मराठीत येते, पण सगळी नाही. काही ओळी मराठी, काही इंग्रजी, जिथे भाषांतर करणाऱ्याचे हात पोचले तिथवर. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावतो. गुरुजी एका बोटाने टाइप करतात: "शेतकऱ्याचा मुलगा." ऱ्य नीट उमटतो. ते वाकून बघतात, कारण जुन्या यंत्रावर तो तुटायचा. लिनक्सवर मराठी अक्षर धड दिसतं त्यात पुण्याचा हात आहे. लोहित हा मोफत फॉन्ट रेड हॅटच्या तिथल्या लोकांनी वाढवला, आणि डेबियनसकट सगळ्यांनी तो घेतला. वेगळं गाव असलं तरी.

गुरुजींच्या पेनड्राइव्हमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र उघडल्यावर नुसती चिन्हं. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. त्या बदलायला वेगळा प्रोग्राम लागेल, वेगळा दिवस लागेल. "ते पुढच्या खेपेला," दुकानदार म्हणतो, आणि वहीत लिहीत नाही. लिहिलं की फुकट करावं लागतं.

४.५०. सहा यंत्रांचे दोनशेप्रमाणे बाराशे. गुरुजी पाकिटातून पाचशे काढतात, स्वतःच्या. उरलेले अनुदान आल्यावर. अनुदान कधी येतं, हे दोघांनाही माहीत असल्यासारखे दोघं चहा पितात.

५.४०. दुकान. साहेब सीपीयू घेऊन गेलेत, पैसे देऊन. झेरॉक्सवाला बसलाय. महिन्यापूर्वी त्याच्या यंत्रावर मिंट टाकलं. तेव्हापासून छोटा लेझर प्रिंटर मुका. तो प्रिंटर गावातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे असेल. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर जुन्या ३२ बिट लायब्ऱ्यांवर लटकलेला. तासभर झटापट. एकदा पान निघतं, दुसऱ्यांदा नाही. शेवटी दुकानदार फळीवरून स्वतःचा एचपीचा १०२० खाली घेतो. एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीपासून असतं, फक्त या मॉडेलला एक जादा प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं. पाच मिनिटांत पान बाहेर.

"हा वापरा महिनाभर. तुमचा राहू द्या इथं. बघतो."

दीडशे घेतो. तासाभराच्या झटापटीचे नाहीत, पाच मिनिटांचे. मला हा हिशोब उलटा वाटला. त्याला वाटला नाही. पान निघालं त्याचे पैसे, म्हणाला.

६.५०. नांदेडहून बसच्या पार्सलने माल आला. हमाली धरून ऐंशी. दोन एसएसडी, एक लॅपटॉपचा बिजागर, कीबोर्ड. संध्याकाळची गर्दी सुट्या मालाची असते. कीबोर्ड-माउसची जोडी ५५० ला जाते, पडलेली ४०० ला. एकजण नुसताच विचारून जातो, "क्रॅक विंडोज किती?" पलीकडच्या चौकात तीनशेत मारून देतात, त्याला माहीत आहे. दुकानदार म्हणतो, तिथंच जा.

८.२०. हिशोब. कॉलेजचं पोरगं ४००, साहेब ५००, सेवा केंद्र २४०, शाळा ५००, झेरॉक्स १५०, कीबोर्ड ५५०. झाले २,३४०. गेले: सेल १५, कीबोर्ड-माउस ४००, पेट्रोल ११०, पार्सल ८०, चहा ६०. उरले १,६७५. त्यातून आजचं भाडं दोनशे आणि पोरग्याचे तीनशे मनात बाजूला काढले की साडेअकराशेच्या आसपास. वीज, नेट, घर त्यातून. शाळेचे सातशे उधारीच्या पानावर. त्या पानावर आधीच बरीच नावं आहेत.

पोरगा गाडीची वेळ बघतो, निघतो. दुकानदार यंत्र बंद करत नाही. मिंटची नवी फाइल आली का बघतो, डाउनलोड लावतो. पेनड्राइव्ह गल्ल्यात.

९.०५. शटर अर्ध्यावर असताना एक बाई लॅपटॉप छातीशी धरून येतात. सोबत मुलगा. "भाऊ, अकरावीच्या ॲडमिशनला घेतलेला. फार हळू चालायलाय. नवा घ्यावा लागतोय का?"

तो शटर तसंच ठेवून लॅपटॉप उलटा करतो, मागचं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचतो. "रॅम किती आहे, माहीत आहे?"

मुलगा सांगतो, "चार."

"उद्या अकराला आणा. चार्जर विसरू नका, आणि फोटो कुठं ठेवलेत ते आठवून या."

"किती लागतील?"

"चारशे. फोटो जास्त असतील तर पाचशे."